महागडं शाईपेन घ्यायचंय, पण दुकान कुठलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या एक मॅडम ज्युनिअर कॉलेजात शिकवतात, रोज हाताने बरंच लिहितात, शिवाय पेपर तपासणी. आता पहिल्यांदाच स्वतःसाठी चांगलं शाईपेन घ्यायचं ठरवलंय, बजेट चाळीस-पन्नास हजार. गावात पार्करच्या पुढे काही मिळत नाही म्हणतात. इन्स्टाग्रामवर एकजण माँब्लाँ १४९ (महागड्या जर्मन ब्रँडचं मोठं शाईपेन) साडेचौदा हजारात देतोय, 'अनयूज्ड, बॉक्स-पेपरसकट'. चुलतभाऊ रॉटरडॅमला असतो आणि दिवाळीत येणार आहे, म्हणजे त्याच्याकडून मागवणं हाही एक पर्याय. तर घ्यावं कुठून?

मी पुण्यात पेनं दुरुस्त करतो, निबा ट्यून करतो, त्याआधी बरीच वर्षं दुकानाच्या काउंटरमागे होतो. त्यामुळे मी जे सांगेन ते दुरुस्तीच्या टेबलावरून दिसणारं आहे, म्हणजे खरेदी झाल्यावर काय काय होतं ते मला जास्त दिसतं. कलेक्टर लोकांचं मत वेगळं असू शकेल.

आधी ते इन्स्टाग्रामचं संपवून टाकू. १४९ हे मॉडेल १९५२ पासून चालत आलंय आणि शोरूमला त्याची किंमत आज लाखाच्या घरात आहे. ते कुणी साडेचौदाला देत असेल तर पेन एकतर चोरीचं आहे किंवा नकली, आणि चोरीचं का होईना पण खरं निघावं एवढं नशीब सहसा नसतं. मध्यंतरी एकांनी माझ्याकडे असंच एक '१४९' आणलं, तक्रार काय तर शाई गळते. हातात घेतल्या घेतल्या जड लागलं. मागची कळ फिरवायला गेलो तर पिस्टन हलायच्या ऐवजी अख्खा बॅरल सुटून हातात आला आणि आत पारदर्शक प्लॅस्टिकचा कन्व्हर्टर, म्हणजे शाई भरायची सुटी नळी. खऱ्या १४९ मध्ये कन्व्हर्टर नसतोच, मागची कळ फिरवली की शाई सरळ बॅरलमध्ये ओढली जाते, आणि पकडायच्या भागाच्या वर शाई दिसायला पट्ट्यापट्ट्यांची छोटी खिडकी असते. अजून एक, काळ्या माँब्लाँवर अंधारात जोरदार टॉर्च मारला की ते रेझिन कडेला गडद लालसर दिसतं. याच्यावर मारला, काळं ते काळंच. आता गंमत बघा, क्लिपच्या रिंगवर सिरियल नंबर होता, क्लिपच्या खाली 'मेड इन जर्मनी' होतं, निबवर माँब्लाँचा तो ४८१० आकडा पण होता. ज्या खुणा गिऱ्हाईक गुगल करून बघतं त्याच खुणा नकली पेन बनवणारापण गुगल करतोच की. आणि बॉक्स-पेपरचं म्हणाल तर ते वेगळे विकत मिळतात, त्यावर जाऊ नका.

तर तो पर्याय बाद. आता मुद्द्याचं.

'कुठून घ्यावं' असं सगळेच विचारतात, पण त्यांच्या मनात असतं 'कुठे स्वस्त मिळेल'. मला विचाराल तर या किमतीच्या पेनात खरा प्रश्न असा की उद्या निब नीट लिहिली नाही तर ते निस्तरणार कोण. लोकांना वाटतं की पन्नास हजार मोजले म्हणजे पेन खोक्यातून काढलं की लोण्यासारखं लिहिणारच. बहुतेक वेळा लिहितं, पण नेहमी नाही. सोन्याची निब शेवटी माणसाच्या हाताखालून जाते, तिचं टोक जास्त पॉलिश झालं की दोन्ही पात्यांच्या आतल्या कडा गोल होतात, शाई टोकापर्यंत येते पण कागदाला टेकत नाही आणि प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर अर्धवट उमटतं. याला बेबी बॉटम म्हणतात आणि हे दोन हजाराच्या पेनातही दिसतं, साठ हजाराच्या पेनातही दिसतं. कधी दोन पाती वरखाली असतात, कधी फीडमधून, म्हणजे निबेखालच्या शाई आणून देणाऱ्या भागातून, शाईच कमी येते. यातलं बरंचसं दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं, पण ते करणारा माणूस किंवा निब बदलून देणारं दुकान पाठीशी पाहिजे. तसं नसेल तर तुमचं पेन कपाटात जातं आणि तुम्ही परत जेलपेन वापरता. असली कपाटातली पेनं माझ्याकडे फार येतात, घेऊन चार-चार वर्षं झालेली, जेमतेम दोनदा शाई भरलेली.

दुकान ठरायच्या आधी पेन ढोबळमानाने ठरायला पाहिजे, कारण ब्रँडप्रमाणे दुकानं बदलतात. आणि पेन ठरवायचं ते तुमच्या कागदावरून. तुम्ही उत्तरपत्रिकांवर लिहिणार, म्हणजे तो पिवळट, शाई पिणारा कागद. त्यावर जर्मन एम निब (एम म्हणजे मध्यम, एफ बारीक, ईएफ त्याहून बारीक) चालवली की अक्षराला पाय फुटतात आणि मागच्या बाजूला शाई उतरते. जर्मन पेलिकनची निब ओली लिहिते, म्हणजे शाई जास्त सोडते, त्यांची एफ जवळपास जपानी एम एवढी रेघ देते. जपानी निबा, म्हणजे पायलट, सेलर, प्लॅटिनम, एक साइझ बारीक असतात. हे नियम काही काळ्या दगडावरची रेघ नाहीत, पेनापेनात फरक पडतो, पण सुरुवातीला एवढं धरून चाला. तुम्ही पेन किती दाबून लिहिता, डावखुऱ्या आहात का, टोपण मागे लावून लिहिता का, हे मला माहीत नाही आणि यावर पुष्कळ अवलंबून आहे. हात लहान असेल तर पेलिकनचं एम ८०० सुंदर असूनही तासाभरात जड वाटेल, त्याच घरातलं एम ४०० जवळजवळ निम्म्या वजनाचं आहे.

तुमच्या कामाला मी एक वेगळंच सुचवेन. लाल शाईचं पेन परीक्षेच्या दिवसांत चालतं आणि मग महिना-दोन महिने तसंच पडून राहतं, बरोबर? तिथे प्लॅटिनमचं ३७७६ सेंच्युरी घ्या. फुजी पर्वताच्या उंचीवरून नाव ठेवलंय, ३७७६ मीटर. त्याच्या टोपणात आत स्प्रिंगवालं अजून एक टोपण आहे ते निबेवर घट्ट बसतं, त्यामुळे शाई वाळत नाही, कंपनी तर दोन वर्षं म्हणते. दोन वर्षं कोण ठेवायला जातंय, पण काही महिने पडून राहिलेलं पेन पहिल्या रेघेला लिहिताना मी स्वतः बघितलंय. सोन्याची निब असूनही हे तुमच्या बजेटच्या निम्म्याच्या आत बसेल. उरलेल्या पैशात रोजच्या निळ्या शाईचं पेन, पायलट कस्टम ८२३ किंवा लामी २०००, किंवा थोडे पैसे वर घालून पेलिकन. माँब्लाँच पाहिजे असेल तर मग बजेट वाढवा किंवा थांबा, त्यात वाईट काही नाही, हौस ही हौस असते. फक्त त्यात पेनाबरोबर नावाचे पैसे जातात हे डोक्यात असू द्या.

आता दुकानं.

पहिला प्रकार, ब्रँडचं स्वतःचं बुटीक. हे मुख्यतः माँब्लाँच्या बाबतीत. मुंबईत आहेत, नेमकी कुठे ते कंपनीच्या वेबसाइटवर स्टोअर लोकेटर आहे त्यात बघा, कारण ही दुकानं एका मॉलमधून दुसऱ्या मॉलमध्ये हलत असतात. फायदा असा की अस्सलपणाची चिंता नाही, नवं पेन घेतल्यावर काही आठवड्यांच्या आत निबेची साइझ बदलून मिळू शकते, सर्व्हिसला पेन तेच पाठवतात. तोटा म्हणजे डिस्काउंट विसरा. आणि तिथले सेल्समन पाकीट, बेल्ट, घड्याळ पण विकत असतात, त्यामुळे निबेबद्दल खोलात विचारलं तर सगळ्यांनाच सांगता येईल असं नाही. तिथे शांतपणे बसून टेस्टर निबांचा सेट मागायचा, लाजायचं नाही.

दुसरा प्रकार, पेनांची चेन. आपल्याकडे विल्यम पेन सगळ्यात मोठी, मूळ बेंगळुरूची, मुंबई-पुण्याच्या मॉलमध्येही दुकानं आहेत आणि वेबसाइटही आहे. २०२२ मध्ये त्यांनी शेफर हा अमेरिकन ब्रँडच विकत घेतला, म्हणजे आता त्यांना निव्वळ दुकानदार म्हणता येत नाही. लामी, शेफर, क्रॉस असे ब्रँड इथे हाताळून बघता येतात. मॉलमधलं दुकान असल्याने निम्मं गिऱ्हाईक भेटवस्तू घ्यायला आलेलं असतं, त्यामुळे बहुतेक पेनं एम निबेत ठेवलेली असतात, एफ किंवा ईएफ पाहिजे असेल तर आधी फोन करून दुसऱ्या शाखेतून मागवायला लावा. नुसतं उठून गेलात तर 'एमच आहे मॅडम, एम स्मूथ चालते' हे ऐकावं लागेल.

तिसरा प्रकार म्हणजे पेनांचंच वेड असलेली जुनी किंवा स्वतंत्र दुकानं. माझा जीव यांच्यावर आहे. चेन्नईचं माकोबा हे महागड्या पेनांसाठी नावाजलेलं, ऑनलाइन पाठवतात. हैदराबादचं आबिद्सचं डेक्कन पेन स्टोअर्स १९२८ पासूनचं. कोलकात्याला एस्प्लनेडजवळ पेन हॉस्पिटल नावाचं चिमुकलं दुकान आहे, ते मुख्यतः दुरुस्तीचं, पण तिथे जुनी पार्कर-शेफरं मिळून जातात. पुण्यात व्हीनस ट्रेडर्सला जाऊन बघा, तिथे पेनं भरपूर असतात. मुंबईत फोर्टात फिरा. क्रॉफर्ड मार्केटजवळचं अब्दुल रहमान स्ट्रीट मात्र स्टेशनरीच्या होलसेलचं, तिथे वह्या, शाई, साधी पेनं उत्तम मिळतील पण पन्नास हजाराचं पेन शोधायची ती जागा नाही. आपल्या अप्पा बळवंत चौकाचंही तसंच.

या तिसऱ्या प्रकारच्या दुकानात बसलेला माणूस स्वतः लिहिणारा असतो. तो तुम्हालाच उलट विचारतो, कशावर लिहिता, पेन कसं धरता, जरा सही करून दाखवा. दुकानदाराने असं विचारलं की समजा बरोबर जागी आलात. आमच्या पुण्यात तो हे जरा खेकसून विचारेल, पण विचारेल. उदाहरण देतो. पायलट ८२३ मध्ये शाई भरायची पद्धत वेगळी आहे, व्हॅक्यूमवाली, आणि त्यात टाकी आणि निब यांच्यामध्ये झडप बसते. सलग लिहायचं असेल तर मागची कळ थोडी सैल करून ठेवावी लागते, नाहीतर दोन-तीन पानांनंतर फीडमधली शाई संपते आणि पेन कोरडं पडतं. हे न सांगता विकलेली ८२३ माझ्याकडे 'खराब आहे, शाईच येत नाही' म्हणून येतात. मी कळ दोन आटे फिरवून परत देतो, पैसे कशाचे घेणार. चांगला दुकानदार हे पेन डब्यात घालायच्या आधी सांगतो. त्याच्या दुकानात आणि मार्केटप्लेसवर चार हजाराचा फरक असेल तर तो फरक या माहितीचा आणि नंतरच्या फोनचा आहे असं मी धरतो.

चौथा प्रकार ॲमेझॉन-फ्लिपकार्टसारखी मार्केटप्लेस. इथे वेबसाइट विकत नाही, तिच्यावर बसलेला सेलर विकतो, म्हणून 'सोल्ड बाय' काय लिहिलंय ते आधी वाचायचं. ते नाव ब्रँडचा अधिकृत डीलर म्हणून ब्रँडच्या साइटवर दिसतंय का हे तपासा, दिसत असेल तर खुशाल घ्या. नसेल तर लामी सफारीसारख्या तीन-चार हजाराच्या पेनाचेही नकली निघतात, महागाचं काय सांगावं. लक्झरीसाठी टाटा क्लिकसारख्या साइट्स जरा बऱ्या, पण तिथेही निब बदलून मिळेल का हे खरेदीआधी लेखी विचारा. वापरून बघितलेलं पेन 'यूज्ड' धरतात आणि परत घेत नाहीत, आणि शाईपेनाचा दोष तर शाई भरल्याशिवाय कळतच नाही. इथेच सगळ्यांचं घोडं अडतं.

घड्याळांच्या आणि गिफ्टच्या शोरूममध्येही ही पेनं असतात, सांगली-कोल्हापुरातही सापडतील. अस्सल मिळतील, पण निबेबद्दल काही अपेक्षा ठेवू नका, आणि काचेच्या कपाटात दिव्याखाली किती वर्षं पडून आहे ते विचारा.

आता रॉटरडॅमचा भाऊ. पर्याय वाईट नाहीये, पण लोक समजतात तेवढा सरळ नाही. हॉलंडमध्ये दुकानं एक नंबर आहेत, हेगला पी. डब्ल्यू. आकरमन १९१० पासूनचं, टिलबर्गला ला कुरोन द्यू कोंत. हेग तर त्याला रेल्वेने अर्ध्या तासावर. पण किमतीत तिकडचा २१ टक्के व्हॅट धरलेला असतो, आणि तो विमानतळावर परत मिळतो असं जे आपण ऐकतो ते युरोपबाहेर राहणाऱ्या प्रवाशासाठी. भाऊ तिथे राहतोय, पासपोर्ट भारतीय असला तरी त्याला तो मिळणार नाही. दुकानाने परस्पर भारतात पाठवलं तर व्हॅट वजा होतो, पण मग इथे कस्टम ड्युटी, त्यावर आयजीएसटी म्हणजे आयातीवरचा जीएसटी, वर कुरिअरवाल्याचा हाताळणी खर्च. 'गिफ्ट लिहून पाठव' हा सल्ला सगळे देतात, तो जुना झालाय, गिफ्टवरची पाच हजारापर्यंतची सूट २०१९ च्या डिसेंबरात काढून टाकली, राखी वगैरे सोडली तर गिफ्टलाही ड्युटी लागते. ड्युटीचे दर बजेटगणिक हलतात म्हणून मी आकडा देत नाही, पण घरपोच हिशोब करताना मी तिकडची व्हॅट सोडून किंमत अधिक शिपिंग, आणि त्याच्या दीडपट ते पावणेदोनपट, असं धरतो. कमी लागलं तर चांगलंच. भावाने बॅगेतून आणलं तर प्रवाशाला ठराविक रकमेपर्यंत ड्युटी माफ असते, त्याची मर्यादा निघायच्या आधी कस्टम्सच्या साइटवर बघून घ्यायची, बिल जवळ ठेवायचं, वर गेलं तर रेड चॅनेलला जाऊन भरायचं. पेन खिशात खोचून आणायच्या आयडिया देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

पण माझी खरी अडचण ड्युटीची नाही, निबेची आहे. पेलिकनसारख्या कंपन्या नवीन पेनाची निब बदलून देतात, पण ठराविक आठवड्यांत आणि जिथून घेतलं त्या डीलरमार्फत. भाऊ सप्टेंबरात घेणार, दिवाळीत आणणार, तुम्ही शाई भरणार तोवर मुदत संपलेली. मग पेन परत हॉलंडला कुरिअर, येताना परत कस्टम्सला कागदं दाखवा की हे तेच पेन दुरुस्त होऊन आलंय. नको वाटतं. जपानहून मागवताना आणखी एक, तिकडे पायलट-सेलर इथल्यापेक्षा बरीच स्वस्त असतात हे खरं, पण तिथल्या पेनाची वॉरंटी बहुतेक वेळा जपानपुरतीच असते. त्यामुळे माझं मत असं, परदेशातून तेव्हाच घ्या जेव्हा पाहिजे ते मॉडेल इथे मिळतच नाही, किंवा भाऊ स्वतः दुकानात बसून तुमच्यासाठी निब लिहून बघायला तयार आहे आणि त्याला शाईपेन कळतं. कळत नसेल तर त्याच्याकडून शाईच्या बाटल्या आणि चांगला कागद मागवा, तिथे खरा फायदा होतो.

आत्तापर्यंतचं एका दमात सांगायचं तर नकली सोडा, पेन कागदावरून ठरवा, आणि निब बदलून देणारा माणूस जिथे आहे तिथून घ्या, मग तो मॉलमध्ये असो की बोळात.

हे कळणार कसं? फोन करा. जायच्या आधी दुकानाला सरळ हे विचारायचं. हे मॉडेल एफ निबेत आज तुमच्या हातात आहे का. शाईत बुडवून लिहून बघू द्याल का. तुम्ही या ब्रँडचे अधिकृत डीलर आहात का, वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख घालून द्याल का. निब पटली नाही तर किती दिवसांत आणि काय कराल. सर्व्हिसला पेन जातं ते कुठे आणि यायला किती लागतात. यात चौथ्या प्रश्नाला जो 'असं होतच नाही मॅडम, कंपनीची वस्तू आहे' म्हणतो त्याला नमस्कार करून फोन ठेवा. जो म्हणतो 'आधी आणून दाखवा, इथे बघू, नाही जमलं तर कंपनीला पाठवू', तिथे जा. मी काउंटरवर असताना असे प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाईकाचा आम्हाला राग यायचा नाही, उलट त्यांच्यासाठी पेनं काढून ठेवायचो.

सांगलीहून पुणे सकाळी निघून रात्री परत असं होतं. आणि बेंगळुरूचं काही काम असेल तर मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आहेच, तिकडेही बघता येईल. जाताना सोबत कोऱ्या उत्तरपत्रिकेची दोन पानं न्या. दुकानात ते जाड गुळगुळीत पॅड देतात, त्यावर झाडूपण स्मूथ चालेल. खुर्ची मागा, बसून लिहा, उभ्याने लिहून काही कळत नाही. सहीवर थांबू नका, सही सगळ्यांची कुठल्याही पेनाने झोकात येते. एक अख्खा परिच्छेद मराठीत लिहा, कारण आपली शिरोरेघ डावीकडून उजवीकडे लांब ओढली जाते आणि निब आडवी खरखरते का ते तिथेच कळतं. नंतर पेन मिनिटभर उघडं ठेवून परत लिहा, पहिलं अक्षर पूर्ण उमटलं पाहिजे. दुकानदाराकडे भिंग असेल तर टोक समोरून बघा, दोन्ही पाती एका पातळीत आहेत का, मधली फट टोकाकडे निमुळती होत जाते का. एका मॉडेलची दोन पेनं असतील तर दोन्ही लिहून बघा, मी सांगतो फरक पडतो. पेलिकनमध्ये निब फीडसकट आट्यांवर फिरवून निघते, त्यामुळे दुकानात त्याच साइझचं दुसरं पेन असेल तर जाणकार दुकानदार निब तिथल्या तिथे अदलाबदल करून देऊ शकतो. तुम्ही स्वतः मात्र घरी पिरगळायला जाऊ नका.

नाव कोरून घ्यायचा मोह आवरा. फुकट आहे म्हणून लोक पेन घेतानाच नाव कोरून घेतात आणि कोरलेलं पेन कुणीही परत घेत नाही, बदलून देत नाही. महिनाभर लिहा, मग कोरा. घासाघीस करायची तर माँब्लाँ सोडून बाकी ठिकाणी दसरा-दिवाळीला थोडंफार सुटतं, नाहीच सुटलं तर शाईची बाटली आणि एक जास्तीचा कन्व्हर्टर मागा, ते सहज देतात. बिल जीएसटीचं पक्कं घ्या आणि त्यावर मॉडेल, रंग, निबेची साइझ लिहून घ्या, नुसतं 'पेन, नग १' नको.

सेकंडहँडबद्दल विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच म्हणून दोन वाक्यं. पेनवेड्या लोकांचे ग्रुप असतात, भेटी होतात, मुंबईत आता पेन शोपण भरतो, तिथे प्रत्यक्ष हातात घेऊन, शाई भरून घेतलेलं वापरलेलं पेन हा फार चांगला सौदा असू शकतो. फोटोवरून, अनोळखी माणसाकडून, आगाऊ पैसे भरून, पहिलंच पेन म्हणून, अजिबात नको.

आणि हो, आपल्याकडे हाताने पेनं घडवणारेही आहेत हे विसरू नका. पुण्यात फॉस्फर आहे, तमिळनाडूत रंगा, राजमहेंद्रीला रत्नम, ज्यांनी गांधीजींसाठी स्वदेशी पेन बनवलं होतं. एबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर, लेथवर फिरवून बनवतात, तुम्ही जाडी, लांबी, रंग सांगायचा, निब जर्मन बसवून घेता येते. सोन्याच्या निबेचा हट्ट नसेल तर तुमच्या बजेटच्या पाव-अर्ध्या किमतीत तुमच्या हाताच्या मापाचं पेन होतं आणि काही बिघडलं तर ज्याने बनवलं त्याला थेट फोन. सहा महिने थांबावं लागेल कधीकधी. मोठ्या ब्रँडच्या मागे धावण्याआधी यांच्यापैकी कुणाचं तरी एक पेन एकदा हातात घेऊन बघा एवढंच म्हणतो.

तुमच्या जागी मी असतो तर भावाला बाटल्या आणायला सांगितल्या असत्या, पुण्यात एक दिवस काढून ३७७६ एफ निबेत लाल शाईसाठी घेतलं असतं आणि त्याच फेरीत ८२३, लामी २००० आणि पेलिकन तिन्ही लिहून बघून घरी आलो असतो, न घेता. आठ दिवसांनी ज्याची आठवण येते ते घ्यायचं, फोनवर सांगितलं की दुकानदार सांगलीला पाठवतो. फक्त लामी २००० लिहून बघताना पेन थोडं इकडेतिकडे फिरवून धरा, त्याची निब झाकलेली असते आणि तिचा लिहिणारा कोन जरा ठरलेला असतो, काहींना जमतो, काहींना वर्षभर जमत नाही.

शाई घेताना एक सांभाळा. साध्या स्टेशनरीच्या दुकानात 'काळी शाई द्या' म्हटलं की कधीकधी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक हातात ठेवतात, बाटली तशीच दिसते. ती पेनात भरली की फीडमध्ये घट्ट बसते आणि मग ते माझ्याकडे येतं. बाटलीवर फाउंटन पेन इंक लिहिलेलं बघूनच घ्या, कॅमलची साधी निळी सुद्धा उत्तम चालते. पेन घेतलंत आणि पहिल्या आठवड्यात काही अडलं तर इथेच लिहा, निबेचा जवळून काढलेला फोटो आणि लिहिलेल्या दोन ओळी टाका, दुकानात परत न्यायचं की नुसतं कोमट पाण्याने धुवायचं ते त्यावरून बहुतेक सांगता येतं.